वासुदेव बळवंतांवर भाषण लिहिताय? या चुका टाळा

१७ फेब्रुवारी जवळ आला की शाळांमधून इंग्रजांविरुद्ध सशस्त्र बंड करणाऱ्या वासुदेव बळवंत फडक्यांवर भाषणं होतात. मी अशी पुष्कळ ऐकली आहेत, मुलांना तपासूनही दिली आहेत. चुका दरवर्षी त्याच.

'अंदमानच्या काळकोठडीत त्यांनी देह ठेवला' हे वाक्य तर हमखास येतं. 'काळं पाणी' म्हटलं की मुलं सेल्युलर जेल लिहून मोकळी होतात. तो तुरुंग १९०६ मध्ये बांधून झाला. फडक्यांना जन्मठेपेवर नेलं ते एडनला. आज ते बंदर येमेनमध्ये आहे, तेव्हा तिथला कारभार मुंबई इलाख्यातून चाले. तिथल्या कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून ते निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथंच वारले. म्हणजे 'हसत फासावर चढले' हेही खोडा. फाशी झाली ती १८३२ मध्ये उमाजी नाइकांना आणि पुढे चापेकर बंधूंना. १८५७ च्या लढ्यातही फडक्यांना उतरवू नका, तेव्हा ते जेमतेम अकरा-बारा वर्षांचे होते.

मे १८७९ मध्ये पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. संशय फडक्यांच्या माणसांवर गेला, पण शिक्षा झाली एका सरकारी कारकुनाला. ती आग त्यांच्या पराक्रमात घालू नका.

मला सगळ्यात खटकते ती चूक वेगळीच आहे. 'आईच्या आजारपणात रजा मिळाली नाही, म्हणून त्यांनी बंड केलं.' सरकारी नोकरीत रजेसाठी अडवणूक झाली आणि आईची शेवटची भेट हुकली, हे खरंच. पण तेवढ्यावर थांबलात तर १८७६-७८ चा दुष्काळ गायब होतो. दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने दिवसाला अर्धा किलोहून कमी धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. पुढे हाच टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला. सरकारने फडक्यांना पकडण्यासाठी इनाम लावलं, तेव्हा त्यांनी उलट गव्हर्नरच्याच डोक्यावर इनाम जाहीर केलं. दुष्काळ सांगितला नाहीत, तर ऐकणाऱ्या मुलाला यातला संताप कळणार कसा?

आणि 'त्यांनी एकट्याने साम्राज्य हादरवलं' असं तर मुळीच लिहू नका. त्यांना शस्त्रविद्या शिकवली लहुजी वस्ताद साळव्यांनी. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर पहिली धाड पडली, तेव्हा बरोबर होते रामोशी. त्यांचे पुढारी दौलतराव नाईक यांचं नाव दहापैकी नऊ भाषणांत नसतं. मे महिन्यात पळस्पे-नेऱ्याच्या धाडी घालून घाटाकडे परतताना इंग्रजांच्या मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं आणि दौलतराव मारले गेले. त्यानंतर माणसं पांगली. फडके श्रीशैलमपर्यंत गेले, नव्याने रोहिल्यांची फौज उभी करायची खटपट केली, आणि जुलैमध्ये विजापूरकडच्या देवर नावडगीत पकडले गेले.