डोंगरात जागा घेताय? आधी 'इतर हक्क' वाचा
कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत जागा घेऊन छोटं घर बांधायचं असेल, तर समोरच्या दरीच्या प्रेमात पडण्याआधी सातबारा मागा. त्यातला 'इतर हक्क' रकाना सावकाश वाचा. कूळ, बँकेचा बोजा, खाजगी वनाचा शेरा बहुधा तिथेच सापडतो. 'भोगवटादार वर्ग २' असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. शेतजमीन महाराष्ट्रात सहसा शेतकऱ्यालाच घेता येते, हेही लक्षात असू द्या.

आणि जागा मे महिन्यात व जुलैत, अशी दोनदा बघाच! मेमध्ये शेजारच्या विहिरीचं पाणी कळतं, जुलैत पऱ्ह्या (पावसाळी ओढा) कुठून वाहतो आणि गाडी कुठवर पोचते ते. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून असेल, तर रस्त्याचा हक्क नोंदणीकृत दस्तात लिहून घ्या, मगच इसार द्या.