आशिया-आफ्रिकेचा इतिहास शिकवायचाय आणि त्यावर संशोधनही करायचंय? मराठवाड्यात राहून ते कसं जमतं

एमए इतिहास झालेली बरीच पोरं-पोरी विचारायलेत की मॅडम आम्हाला प्राध्यापक व्हायचंय, पण शिवकाल, पेशवाई यावर आधीच खूप लोक काम करतात, आम्हाला जपान, चीन, इजिप्त, अरबस्तान यांचा आधुनिक इतिहास आवडतो, तर त्यासाठी दिल्लीलाच जावं लागेल का. माझं उत्तर नाही असं आहे. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आधुनिक आशियाचा पेपर शिकवते, संशोधनही इथूनच चालू आहे, म्हणून जे माहीत आहे ते सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी परीक्षेचं उरकू. एमएला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५० चालतात) आणि नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची), एवढं असलं की सहायक प्राध्यापकाची पात्रता होते. मधे काही वर्षं विद्यापीठातल्या विभागांसाठी पीएचडी सक्तीची होणार अशी चर्चा होती, पण २०२३ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) नेट-सेट हीच किमान पात्रता ठेवली. नेटला दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. सेट आपल्याकडे पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, इतिहासाच्या पेपरात सगळा भर भारताच्या इतिहासावर असतो, मेइजी सम्राटाच्या काळातला जपान किंवा चीनमधल्या अफूच्या युद्धाचा अभ्यास करून नेट निघत नाही. म्हणून परीक्षा निघेपर्यंत भारताचा इतिहास पक्का करायचा आणि आशिया-आफ्रिकेचं वाचन रोज थोडं थोडं बाजूला चालू ठेवायचं, ते बंद पडलं की परत हातात यायला फार वेळ लागतो.

आता नोकरीचं खरं सांगते. पात्रता झाली म्हणजे नोकरी लागली असं नसतं. जागा निघायला शासनाची मंजुरी, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला याची यादी), विद्यापीठाची परवानगी, जाहिरात, मुलाखत एवढं सगळं पार पडावं लागतं आणि ते कधी पडेल याचा काही नेम नसतो, तोपर्यंत बहुतेक जण सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतात, तासाप्रमाणे पैसे, सुट्टीचे पैसे नाहीत, बिलं उशिरा निघतात. कायम झालात तर सातव्या वेतन आयोगात मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो, आणि या दोन टोकांच्या मधे किती वर्षं जातील हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून घरी आईवडिलांना हे आधीच स्पष्ट सांगा, कारण गावाकडं लोकांना वाटतं पोरगं कॉलेजला शिकवतंय म्हणजे पगार चालू झाला. काही ठिकाणी जागेसाठी पैसे मागतात हे तुमच्या कानावर आलंच असेल. जमीन विकून असे पैसे भरू नका, माझं मत याबाबतीत पक्कं आहे. नोकरीची वाट बघायच्या काळात पीएचडीसाठी फेलोशिप मिळवा, नेटमध्येच जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) निघाली तर उत्तम, नाहीतर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या जाहिरातींवर नजर ठेवा.

शिकवण्याबद्दल मात्र मला जरा जास्त लिहायचंय, कारण इथंच खरी मजा आहे. वर्गात बसलेली बहुतेक पोरं शेतकऱ्यांची असतात, त्यांना 'जपानचे आधुनिकीकरण, कारणे व परिणाम' असं गाइडमधलं वाचून दाखवलं तर तासाला दहा जण पण येणार नाहीत. मी सुरुवात शेतसाऱ्यापासून करते. १८७३ साली मेइजी सरकारने जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के कर लावला, तोही रोख, पीक येवो न येवो. एवढं फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "मॅडम, मग दुष्काळ पडला तर काय करायचे ते?" हा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही पण सगळा धडा त्याच्यातच आहे. गावोगाव उठाव झाले, १८७७ ला कर अडीच टक्क्यांवर आणावा लागला, पुढं १८८० च्या दशकात तांदूळ आणि रेशमाचे भाव पडले, शेतकरी कर्जात बुडाले आणि १८८४ मध्ये चिचिबू भागात कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रं जाळली. मग मी विचारते, हे आपल्याकडं कुठं झालं? कुणीतरी सांगतंच, १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, दख्खनचे दंगे. ते लोण नगर जिल्ह्यात पण पसरलं होतं, म्हणजे आपल्या बीडच्या शेजारीच. नऊ वर्षांच्या अंतराने दोन देशांतले शेतकरी सावकाराच्याच कागदांवर का तुटून पडले, यावर पोरं तास संपल्यावर पण बोलत राहतात. कापसाचं पण तसंच, अमेरिकेतल्या यादवीने १८६१ ते १८६५ कापसाचे भाव चढले, त्या तेजीच्या जोरावर इजिप्तच्या खेदिवाने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने, कर्जं काढली, १८७६ ला देश दिवाळखोरीत गेला आणि १८८२ ला इंग्रज तिथं घुसले. कापूस लावणाऱ्या घरातल्या पोराला हे दोनदा समजवावं लागत नाही.

आता संशोधन. नवीन मुलं विषय घेऊन येतात 'भारत-चीन संबंध १९४९ ते १९६२' असला, चिनी येत नाही, कागद दिल्लीत, मग दुसऱ्यांच्या पुस्तकांवरून पुस्तक तयार होतं. मी म्हणते, असा विषय शोधा ज्याची माणसं आणि कागद तुमच्या आवाक्यात आहेत. उदाहरण देते. परभणी, नांदेड, संभाजीनगरला चाऊस आडनावाची घरं सगळ्यांना माहीत आहेत. या लोकांचे पूर्वज येमेनमधल्या हद्रमौतहून निजामाच्या फौजेत आलेले अरब. त्यातल्याच कुऐती घराण्याचे लोक हैदराबादेत जमादार, म्हणजे अरब तुकड्यांचे सरदार, होते आणि इथं कमावलेल्या पैशावर त्यांनी तिकडं हद्रमौतमध्ये, मुकल्ला धरून, आपलं राज्य उभं केलं. म्हणजे अरबस्तानच्या आधुनिक इतिहासाचा एक धागा सरळ निजामाच्या राज्यातून जातो! माझ्या वर्गातल्या एका चाऊस मुलाने घरची जुनी जांबिया, म्हणजे तो वाकडा खंजीर, तिचा फोटो आणून दाखवला होता, मूठ घासून गुळगुळीत झालेली, आणि आजीकडून ऐकलेली गाण्याची एक ओळ त्याला येत होती पण अर्थ घरात कुणालाच माहीत नव्हता. अशा घरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी आत्ताच बोलून रेकॉर्डिंग करून ठेवायला पाहिजे, कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत.

आणि कागद पण जवळच आहेत. येमेनमधलंच अदन बंदर १८३९ ला इंग्रजांनी घेतलं आणि पुढं कितीतरी वर्षं त्याचा कारभार मुंबईतून चालला, त्यामुळं अदनचा मोठा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. निजामाच्या राज्याचे कागद हैदराबादला तारनाक्यात तेलंगणा राज्य अभिलेखागारात, नांदेड-परभणीहून रेल्वेने सरळ जाता येतं. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल आणि आखातासाठी कतार डिजिटल लायब्ररी घरबसल्या मोबाइलवर उघडते.

यासाठी उर्दू यायलाच पाहिजे, कारण निजामाचं नंतरचं दप्तर उर्दूत आणि आधीचं फारसीत आहे. मराठवाड्यात उर्दू शिकवणारा माणूस गल्लीत सापडतो, आपण फक्त जाऊन विचारायचं असतं. छापील उर्दू काही महिन्यांत वाचता येते, हाताने लिहिलेली शिकस्ता वेगळी, नुक्ते गायब, अक्षरं एकमेकांत अडकलेली, तिला सरावच लागतो. तारखा फसली सनात (निजामाच्या राज्यातली महसुली कालगणना) असतात, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, १३५७ फसली म्हणजे १९४७-४८, पण हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात आझुर महिन्यापासून सुरू व्हायचं, त्यामुळं महिना बघितल्याशिवाय साल लिहायचं नाही. पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय फौजेने निजामाचं राज्य घेतलं ती कारवाई, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची, म्हणजे १३५७ चं अगदी शेवटचं टोक, आणि त्यानंतर तीनेक आठवड्यांनी पुढचे कागद १३५८ चे. फाइल मागवताना दोन्ही सालं मागवा.

पीएचडीच्या गाइडचं, म्हणजे मार्गदर्शकाचं, शेवटी सांगते. सहायक प्राध्यापकाकडं ४, सहयोगीकडं ६ आणि प्राध्यापकाकडं ८ च विद्यार्थी असू शकतात, त्यामुळं जागा रिकामी आहे का हे आधी विचारा. भेटायला जाताना पानभर टिपण न्या, प्रश्न काय आहे, कागद कुठं आहेत, भाषा किती येते एवढंच त्यात असू द्या. प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात विभागाच्या लेटरहेडवर अभिलेखागारासाठीचं पत्र आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स तयार ठेवा, पत्राशिवाय वाचन कक्षात बसू देत नाहीत, आणि हैदराबादला जाऊन परत यायला लागलं तर भाड्याचे पैसे वाया जातात.