चढणीच्या माशांसाठी ओढा आणि कुरण: कामाचा आराखडा कसा करावा

मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस झाले की सह्याद्रीच्या पायथ्याचे मासे नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून काठच्या कुरणांत व भातखाचरांत चढू लागतात. कोकणात याला वलगण म्हणतात, तर देशावर हे चढणीचे मासे म्हणून ओळखले जातात. यांतील अनेक जातींच्या माद्या खळाळत्या पात्रात अंडी घालत नाहीत. घोटाभर संथ पाण्यात बुडालेल्या गवताच्या पात्यांना त्यांची अंडी चिकटतात आणि पिल्ले तिथेच सूक्ष्मजीव खाऊन वाढून पाणी ओसरताना पुन्हा ओढ्यात उतरतात. त्यामुळे ओढा आणि कुरण ही दोन वेगळी कामे न समजता, चढण आणि उतरण या दोन वाटा केंद्रस्थानी ठेवूनच आराखडा मांडावा लागतो.

पाहणी किमान दोनदा करावी. दिवाळीनंतर वाहते पाणी पाहावे आणि मेच्या मध्यावर कोणत्या डोहांत पाणी शिल्लक आहे ते बांबूने मोजून नकाशावर नोंदवावे, कारण पुढच्या चढणीचे बियाणे त्याच डोहांत टिकलेले असते. महाड तालुक्यातील वाळणकोंडच्या डोहात देवाचे म्हणून राखलेले महसीर मासे हे याचे ठळक उदाहरण आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा जुना नकाशा मिळवून ओढ्याची मूळ वळणे शोधावीत आणि गावातील भोई, कातकरी किंवा ढीवर मंडळींसोबत काठाने चालावे. मासा कुठे अडतो, हे त्यांना कोणत्याही आलेखापेक्षा नेमके ठाऊक असते.

प्रवाह मोजायला मोठी साधने लागत नाहीत. सरळ पात्राचे १० मीटर आखून संत्रे सोडावे. त्याला २५ सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर होतो. तळाशी पाणी हळू वाहते म्हणून त्याला ०.८ ने गुणावे. पात्र १.५ मीटर रुंद आणि सरासरी २० सेंटीमीटर खोल असेल, तर प्रवाह सेकंदाला सुमारे ९६ लिटर भरतो. त्याच ठिकाणी वाकून चार दगड उलटून पाहावेत. दगडाच्या पाठीला वाळूच्या कणांची नळी करून राहणाऱ्या अळ्या दिसल्या, तर पाणी अजून बऱ्यापैकी जिवंत आहे. दगडांतल्या फटी गाळाने बुजल्या असतील, तर खडकाला चिकटून राहणाऱ्या मळ्यासारख्या माशाला तिथे थारा नाही. (ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन करताना याच मराठी नावावरून त्याला ‘मुल्या’ हे शास्त्रीय जातिनाम दिले.)

यानंतर अडथळ्यांची यादी करावी. रस्त्याखालच्या मोरीचे तोंड पाण्यापासून वर लोंबकळत असते, सिमेंट नाला बांधाची भिंत सरळ उभी असते आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या काढता येणाऱ्या फळ्या) पाऊस सुरू झाला तरी कधी कधी जागेवरच राहतात. बरगे वेळेवर काढण्याला खर्च जवळपास नाही, म्हणून आराखड्यात ते काम पहिले लिहावे. भिंतीच्या खालच्या अंगाला दगडांचा उतार रचायचा असल्यास तो २० ला १ पेक्षा तीव्र नसावा. म्हणजे ६० सेंटीमीटरच्या भिंतीला १२ मीटर लांबी लागेल. लहान मासे उंच उडी घेत नाहीत, त्यामुळे उताराच्या टप्प्यांमधला उंचीचा फरक वीतभरापेक्षाही कमी ठेवावा.

नाला खोलीकरणाबद्दल येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. पोकलेनने ओढा सरळ आणि खोल केला की पूर काठावर चढत नाही, कुरणाखालचे पाणी पात्रात निचरून जाते आणि दोन-चार वर्षांत लव्हाळ्याच्या जागी घाणेरी माजते. पाणी साठल्याचे समाधान मिळते. चढण मात्र बंद पडते. अशा ओढ्यात तळ हळूहळू वर आणावा लागतो. पात्राच्या रुंदीच्या साधारण ५ ते ७ पट अंतरावर दगडगोट्यांचे उथळ पट्टे रचले, तर मधल्या भागात डोह आपोआप घडतात. मात्र तळ वर आला की शेजारच्या शेतात पाणी शिरू शकते, म्हणून गट क्रमांकासह लेखी संमती, ग्रामसभेचा ठराव आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीची नोंद आधी घ्यावी. बंधाऱ्याला हात लावायचा असेल तर जलसंधारण विभागाची आणि जागा वनजमीन असेल तर वन विभागाची परवानगी लागते.

कुरणाचे काम त्या मानाने सोपे आहे. ओढ्याशी जोडणारी जुनी सखल वाट मोकळी करावी, पावसाळ्यात तेवढ्या भागात चराई बंद ठेवावी आणि गवत पाणी उतरल्यावरच कापावे. काठावर वाळुंजाच्या फांद्या पहिल्या पावसात रोवल्या तर सहज फुटतात. उंबर, करंज आणि जांभूळ मागाहून लावावेत. बाहेरून मत्स्यबीज आणून सोडू नये, आणि तिलापिया हा परदेशी मासा तर मुळीच नको. वाट मोकळी झाली की स्थानिक मासा स्वतः येतो. चढणीच्या पहिल्या आठवड्यात सापळे आणि जाळी लावायची नाहीत, असा ठराव मात्र गावानेच करावा. बाहेरच्यांनी लादलेली बंदी रात्री पाळली जात नाही.

सर्व दगडकाम डिसेंबर ते मेच्या मध्यापर्यंत उरकावे आणि त्यासाठी उन्हाळी डोह उपसू नयेत. पहिल्या चढणीच्या रात्री बॅटरी घेऊन दगडी उताराशी अर्धा तास बसावे, कोणते मासे वर गेले आणि कोणते खालीच घुटमळले ते लिहून ठेवावे. पुढे नवरात्राच्या सुमारास कुरणात फिरून ओढ्यापासून तुटलेल्या डबक्यांत पिल्ले अडकली आहेत का ते पाहावे. जिथे ती अडकलेली दिसतील तिथे खुंटी ठोकावी, आणि येत्या उन्हाळ्यात त्या खुंटीपासून ओढ्यापर्यंतची वाट टिकावाने वीतभर खोल करून घ्यावी.