घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारला अंडरट्रे बसवताना

ब्रिटनमध्ये हौशी मंडळी आपल्या गॅरेजमध्ये जी स्पोर्ट्स कार बांधतात, ती बहुधा १९५७ सालच्या लोटस सेव्हनच्या वळणाची असते: चौकोनी नळ्यांची चेसिस, पुढे इंजिन, गती मागच्या चाकांना, आणि बोनेट उघडले की इंजिनाच्या कडेने थेट रस्ता दिसावा अशी मोकळी रचना. ही खालची बाजू झाकण्यासाठी जो पत्रा लावतात तो अंडरट्रे. चिखल, खडे आणि पाणी यांपासून अल्टरनेटर, पट्टे व वायरी वाचवणे हे त्याचे मुख्य काम होय. गाडीखालची हवा कमी अडखळते हाही फायदा आहे. मात्र एका सपाट पत्र्यामुळे गाडी वळणावर रस्त्याला चिकटून राहील, या आशेने कोणी हे काम हाती घेऊ नये.

पत्र्याला हात लावण्यापूर्वी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो: रेडिएटरमधून आत आलेली गरम हवा बाहेर कोठून पडणार? अशा गाड्यांत तिची मोठी वाट खालूनच असते आणि आपण नेमकी तीच बुजवायला निघालेलो असतो. माझा पहिला ट्रे नाकापासून इंजिनामागच्या भिंतीपर्यंत सलग होता व दिसायला फार देखणा होता. पहिल्याच उन्हाळी दुपारी सिग्नलच्या रांगेत रेडिएटरचा पंखा सुरू झाला तो बंदच होईना. शेवटी ट्रेचा मागचा हातभर भाग कापून टाकला, तेव्हा तापमानाचा काटा जागेवर आला. म्हणून हवा बाहेर पडण्याची जागा आत येण्याच्या तोंडापेक्षा लहान कधीच नसावी, आणि तापलेली हवा फुगते हे लक्षात घेऊन ती दीडपट असल्यास उत्तम. या जागेच्या अगदी पुढे ट्रेची कड दहाएक मिलिमीटर खाली वळवली, तर धावत्या गाडीत तिच्यामागे दाब कमी होतो आणि आतली हवा खाली ओढली जाते.

मापे घेताना गाडी सपाट फरशीवर अ‍ॅक्सल स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली जाऊ नये. जाड पुठ्ठ्याचे तुकडे चिकटपट्टीने जोडत आधी पुठ्ठ्याचाच ट्रे बनवावा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन वर-खाली टोकापर्यंत नेऊन काही घासत नाही ना, हे याच वेळी पाहावे, कारण पुठ्ठा कात्रीने कापता येतो. इंजिन रबरी माउंटवर हलते. त्यामुळे ऑइल संपभोवती, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याभोवती, किमान १५ मिलिमीटर मोकळीक ठेवावी. एक्झॉस्टच्या आसपास ५० मिलिमीटर अंतर आणि उष्णतारोधक पत्रा, दोन्ही हवेत.

साहित्य म्हणून १.५ मिलिमीटर जाडीचा अर्धकडक अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पुरतो. एका चौरस मीटरचे वजन चार किलोच्या आसपास भरते. फार नरम पत्रा लोंबतो, तर फार कडक पत्रा वाकवताना तडकतो. बाजूच्या कडा १५ मिलिमीटर वर वळवल्या की पत्रा ताठ होतो आणि त्याचा थरथराट बराच कमी होतो. कापलेली प्रत्येक कड कानशीने गुळगुळीत करावी. पुढे कधीतरी याच कडेखाली आपलाच हात जाणार असतो.

ट्रे पक्का रिव्हेट करू नये. ऑइल बदलताना तो काढावा लागतो, आणि ब्रिटनमधल्या वार्षिक एमओटी तपासणीत (गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का, हे पाहणाऱ्या) झाकलेला भाग तपासनीस उघडून पाहत नाही, म्हणून आदल्या दिवशी तो आपणच काढलेला बरा. चेसिसला रंग देण्यापूर्वीच ट्रे अडकवायला लहान कान (पत्र्याच्या पट्ट्या) वेल्ड करून घेतले, तर नळ्यांना भोके पाडावी लागत नाहीत. ती वेळ टळून गेली असेल, तर नळीला भोक पाडून एम६ रिव्हनट (रिव्हेटसारखा भोकात घट्ट बसणारा, ६ मिलिमीटर स्क्रूचा नट) बसवून नळीच्या आत गंजरोधक मेण सोडावे. स्टेनलेस स्क्रू व अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घालावा, नाहीतर हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर पत्रा भोकांभोवती पांढरा पडून झिजतो. भोके स्क्रूपेक्षा एक-दीड मिलिमीटर मोठी ठेवावीत. मीटरभर अ‍ॅल्युमिनियम ६० अंशांनी तापले की सुमारे १.४ मिलिमीटर वाढते.

ट्रे दोन तुकड्यांत केल्यास सांधा उतरत्या छपरावरच्या कौलांसारखा असावा: पुढच्या तुकड्याची मागची कड बाहेरून, म्हणजे रस्त्याच्या बाजूने, यावी आणि मागच्या तुकड्याची पुढची कड तिच्या आत वर दडावी. उलट केले तर समोरची हवा त्या कडेत शिरून पत्रा सोलून काढू पाहते. सर्वांत खोलगट जागी निचऱ्याची भोके हवीतच. साचलेले ऑइल किंवा पेट्रोल गरम एक्झॉस्टखाली बाळगणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

पन्नासएक किलोमीटर चालवल्यावर ट्रे उतरवून त्याची वरची बाजू उजेडात तिरकी धरावी. जेथे काही घासले असेल तेथे पत्रा आरशासारखा चकाकतो. तेवढ्याच जागी कातरून किंवा ठोकून मोकळीक करावी आणि ट्रे पुन्हा चढवावा.