आयक्यूएसीच्या कामाची सुरुवात एका तुकडीपासून करा : खानदेशातील महाविद्यालयांसाठी मार्गदर्शन

अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, म्हणजेच आयक्यूएसीचे, समन्वयकपद हाती आले की बहुतेक प्राध्यापक महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे सात निकष समोर ठेवतात, प्रत्येक निकषासाठी एक समिती नेमतात आणि माहिती गोळा करायला लागतात. माझा आग्रह वेगळा आहे. प्रथम वर्षाची एक तुकडी निवडावी आणि पदवी हाती पडेपर्यंत तिचे काय झाले ते नावानिशी पाहावे. महाविद्यालयाचे खरे बलाबल या एका कामातून जितके कळते तितके फायलींच्या गठ्ठ्यांतून कळत नाही, आणि निकषांना लागणारी बरीचशी माहितीही त्यातूनच हाती येते.

बाहेरील चौकट थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, १९९४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केली असून तिचे मुख्यालय बंगळुरूला आहे. अभ्यासक्रम, अध्यापन-अध्ययन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, पायाभूत सुविधा, विद्यार्थी साहाय्य व प्रगती, प्रशासन व नेतृत्व, आणि संस्थात्मक मूल्ये व उत्तम उपक्रम असे तिचे सात निकष आहेत. २०१७ पासून मूल्यांकनात आकडेवारीला मोठे वजन आले. ४ पैकी ३.५१ किंवा अधिक गुण मिळाले तर ए प्लस प्लस श्रेणी मिळत असे, ही पद्धत सर्वांच्या परिचयाची झाली. पुढे २०२४ च्या जानेवारीत श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ अशा द्विस्तरीय पद्धतीची घोषणा झाली. चौकट अशी बदलत राहते. तुकडीची नोंद मात्र कोणत्याही चौकटीत उपयोगी पडते.

ही नोंद करण्यासाठी कार्यालयातून प्रवेशाची यादी, प्रत्येक सत्राच्या परीक्षा अर्जांची यादी आणि निकालपत्रे घ्यावीत आणि एकच तक्ता तयार करावा. त्यात विद्यार्थ्याचे गाव व तालुका, घरी बोलली जाणारी भाषा, येण्याजाण्याचे साधन, शिष्यवृत्ती मिळाली की नाही, प्रत्येक सत्रात राहिलेले विषय आणि पदवीनंतरची वाट एवढे रकाने पुरेसे आहेत. समजा, प्रथम वर्ष कला शाखेत १२० प्रवेश झाले, पहिल्या सत्राचे अर्ज १०६ जणांनी भरले, तिसऱ्या सत्राचे ८१ जणांनी, आणि शेवटी वेळेत पदवी ५२ जणांनी मिळवली. येथे निकालपत्रात अंतिम वर्षाचा निकाल ८० टक्क्यांच्या पुढे दिसू शकतो आणि तो खोटाही नसतो. पण १२० पैकी ६८ जणांना वेळेत पदवी मिळाली नाही, हे त्या निकालातून दिसतच नाही. आयक्यूएसीचे पहिले काम या ६८ जणांना शोधण्याचे आहे.

त्यासाठी फोन करावा लागतो, गावातल्या माजी विद्यार्थ्यांकडून विचारणा करावी लागते, प्रसंगी घरीही जावे लागते. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागातील एखादा मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला असेल. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी हात कमी पडतात म्हणून एखादी मुलगी सत्र परीक्षेच्या तोंडावरच गैरहजर राहिलेली असेल. कोणाचे लग्न झाले असेल, तर कोणी पोलीस भरतीच्या तयारीसाठी शहरात राहायला गेला असेल. कारणे लिहून झाली की त्यांचे दोन भाग करावेत : महाविद्यालय ज्यावर काही करू शकते ती आणि जी आपल्या हातात नाहीत ती. प्रात्यक्षिके दुपारी साडेचारला संपत असतील आणि गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. त्याआधीच सुटत असेल, तर उपाय वेळापत्रकात आहे आणि तो पुढच्याच सत्रात करता येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज एखाद्या दाखल्यासाठी अडला असेल, तर कार्यालयातील एका व्यक्तीला ते काम नेमून देता येते. वेचणीचे दिवस बदलता येत नाहीत, पण अंतर्गत चाचणी त्या आठवड्यांत न ठेवणे निश्चितच शक्य आहे.

शिकणे झाले की नाही हे तपासताना अध्ययन निष्पत्तीचे, म्हणजे विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला जे यायला हवे त्याचे, टक्के काढण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. माझ्या मते सरासरीवर थांबणे हा त्यातील सर्वांत मोठा दोष आहे. अर्थशास्त्राच्या पेपरची सरासरी ६० टक्के आली म्हणून निष्पत्ती साध्य झाली असे लिहिले जाते. पण ४० उत्तरपत्रिका घेऊन प्रश्ननिहाय गुण मांडले तर व्याख्येच्या प्रश्नाला बहुतेकांना चांगले गुण मिळालेले आणि मागणी-पुरवठ्याची आकृती काढून समजावण्याचा प्रश्न निम्म्यांनी सोडूनच दिलेला, असे चित्र समोर येऊ शकते. कोणता भाग पुन्हा शिकवायचा हे सरासरीवरून कळत नाही, या मांडणीवरून लगेच कळते. सोडलेला प्रश्न आणि चुकलेला प्रश्न यांची नोंद वेगळी ठेवावी, कारण सोडलेल्या प्रश्नामागे पुष्कळदा भाषेची अडचण असते. आपल्याकडे अहिराणी, तावडी, भिली किंवा पावरी बोलणारी मुले प्रमाण मराठीत, आणि विज्ञान शाखेत इंग्रजीत, उत्तर लिहितात. जळगावचे आपले विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या कवयित्री बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या आणि त्यांची कविता घरच्या बोलीतच होती, याचे स्मरण ठेवून वर्गात तोंडी उत्तराला जागा द्यावी. आशय समजला आहे पण लिहिता येत नाही, अशी मुले त्यातून निश्चित ओळखता येतात आणि त्यांच्यासाठी लेखनाचे वेगळे तास ठेवता येतात.

अभिप्रायाचे अर्ज सर्वत्र भरून घेतले जातात, पण प्रश्न नीट नसल्याने त्यांतून फारसे काही निघत नाही. ‘शिक्षक विषय चांगला शिकवतात का?’ या प्रश्नाला बहुतेक विद्यार्थी ‘उत्तम’ असेच लिहितात. त्याऐवजी ‘या सत्रात तुमची तपासलेली उत्तरपत्रिका किती वेळा परत मिळाली?’, ‘ग्रंथालयातून हवे असलेले पुस्तक न मिळाल्याचा प्रसंग आला का? कोणते पुस्तक?’ असे प्रश्न विचारावेत, कारण त्यांची उत्तरे पडताळता येतात. अर्जावर नाव नसावे आणि त्याचा वापर एखाद्या शिक्षकाला कोंडीत पकडण्यासाठी कधीही होऊ नये. विशेषतः तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, त्यामुळे त्यांना अभिप्रायाची भीती वाटली तर संपूर्ण व्यवस्थेवरचा विश्वास उडतो. आणि याच सहकाऱ्यांच्या भरवशावर अनेक विभाग चालतात ही वस्तुस्थिती अहवालात झाकू नये. मंजूर पदे किती, भरलेली किती हे स्पष्ट लिहावे. नॅकचे विद्यार्थी समाधान सर्वेक्षण विद्यार्थ्यांना थेट ई-मेलवर जाते, म्हणून प्रवेशाच्या वेळी घेतलेले पत्ते चालू आहेत ना, याचीही तपासणी करावी.

नॅकला दाखवायच्या पुराव्यांबाबत एवढेच सांगणे पुरे की कार्यक्रम झाला त्याच आठवड्यात सूचना, उपस्थिती, ठिकाण-वेळ दाखवणारा फोटो आणि अहवाल एका फोल्डरमध्ये जावा.

आयक्यूएसीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी. तिच्यात व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, विद्यार्थी, माजी विद्यार्थी, उद्योजक व स्थानिक नागरिक यांचा सहभाग असतो. त्यांना चहापुरते न बोलावता तुकडीचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवावा. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असे लिहिणे टाळावे. प्रत्येक निर्णयासमोर जबाबदार व्यक्ती, मुदत आणि कोणता आकडा बदलला म्हणजे काम झाले असे मानायचे, हे तिन्ही लिहावे. उदाहरणार्थ : प्रात्यक्षिकांची वेळ सकाळी घेणे, जबाबदारी वेळापत्रक समितीप्रमुख, मुदत पुढील सत्राचा प्रारंभ, तपासणी त्या सत्रातील प्रात्यक्षिकांची उपस्थिती. पुढच्या बैठकीचा पहिला विषय मागील बैठकीतील या निर्णयांच्या नोंदी हाच असावा, आणि उपाय करूनही आकडा हलला नसेल तर तेही तसेच नोंदवून दुसरा उपाय ठरवावा.

पैसा लागणारे निर्णय मात्र आयक्यूएसीच्या हाती नसतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि वार्षिक अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो. म्हणून प्रमाण मराठी लेखनाचे जादा तास, क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती, प्रयोगशाळेतील साहित्य अशा मागण्या अर्थसंकल्प तयार होण्यापूर्वीच तुकडीच्या तक्त्यासह या समितीकडे पाठवाव्यात, आणि किती विद्यार्थ्यांचे कोणते अडलेले काम त्यातून सुटणार आहे ते प्रत्येक मागणीखाली एका ओळीत लिहावे.