पावशा चढतो, बर्फ उतरतो

अंबाजोगाई, लातूर, परभणीकडची संगीत शिकणारी मुलं मला भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, स्वतःची रचना करायची आहे. गावचं रान त्यात यावं, बाहेरदेशी राहिलो ते दिवसही यावेत. सुरुवात कुठून करू?" मी सांगते, रेकॉर्डर काढायच्या आधी वही काढा. आठवणीतला आवाज आधी लिहून काढा आणि मगच खरा आवाज ऐका. दोन्हींत जो फरक निघेल, त्यातून तुमची रचना उभी राहते.

ही सवय मला हेलसिंकीत लागली. तिथं संगीतरचना शिकत असताना एका शिक्षकांनी सांगितलं, खूप दिवसांत न ऐकलेला एखादा आवाज लिहून आणा. बाहेर बर्फ, दुपारी तीनलाच अंधार. मी लिहिली ती आमच्याकडची मे महिन्यातली दुपार: कडुलिंबाच्या झाडात होला पक्षी घुमतोय, मध्येच थांबतोय, आणि त्या थांबण्यात ऊन ऐकू येतंय. कागदावर स्वर मोजकेच उतरले, विराम मात्र भरपूर. गावी राहून मला ते विराम कधीच सापडले नसते.

परत आल्यावर उलटं झालं. तिकडची गोठलेली तळी आठवायला लागली. बर्फाला दूर कुठं तडा गेला की 'प्यूऽऽ' असा वरून खाली घसरत येणारा आवाज होतो. बर्फाच्या थरातून उंच स्वराच्या लहरी खालच्या स्वरांपेक्षा वेगानं धावतात, म्हणून लांब उभ्या असलेल्या माणसाला आधी तार स्वर ऐकू येतो, मग त्याखालचे. अंतर जितकं जास्त, तितकी घसरण लांब. मी तो आवाज आठवून लिहिला तर त्याची दोन सप्तकं उतरणारी संथ मींड झाली, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. मग तिकडचं रेकॉर्डिंग लावलं. खरा आवाज डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो. आठवणीनं त्याला ताणलं होतं, आणि मी ती ताणलेली लांबीच ठेवली. तिथल्या हिवाळ्यात वेळ तशीच जायची.

त्याच उन्हाळ्यात पावशा पक्षी ओरडायला लागला. आपल्याकडे त्याच्या हाकेत 'पेरते व्हा' ऐकतात. नीट कान देऊन ऐका: हाक तीन तुकड्यांची, दर वेळी आधीपेक्षा थोडी वर, थोडी मोठ्यानं, आणि टोकाला पोचली की एकदम तुटते. काही वेळानं पुन्हा खालून सुरू. बर्फ उतरतो, पावशा चढतो. रचनेचा सांगाडा मला इथं मिळाला. उतरत्या मींडा चेलोकडे (व्हायोलिनचं मोठं, खर्जातलं भावंड), पायरीपायरीनं चढणारी हाक व्हायोलिनकडे, आणि दोघं ज्या स्वरावर एकमेकांना ओलांडतात तिथं संबळ, गोंधळातलं काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य. हार्मोनियमवर मींड निघत नाही, त्यामुळे असल्या कामात मी ती घेत नाही.

बासरीवर कोकिळेची नक्कल करणं मला पुरेसं वाटत नाही. ऐकणारा पक्षी ओळखतो आणि तिथंच थांबतो. पक्ष्याकडून घ्यायची ती त्याची चढण, त्याचं तुटणं, दोन हाकांमधली उसंत. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियां (१९०८–१९९२) रानात वही घेऊन पक्षी लिहायचे. पक्ष्यांचा वेग वाद्यांना झेपत नाही म्हणून ते गाणं संथ करायचे, खालच्या सप्तकात आणायचे, बारीक स्वरांतरं रुंद करायचे. फिनलंडच्या एइनोयुहानी रौतावारा यांनी १९७२ मध्ये वेगळी वाट धरली: उत्तरेकडच्या पक्ष्यांची टेपच ऑर्केस्ट्राबरोबर वाजवली, आणि त्यातल्या एका पक्ष्याचा आवाज दोन सप्तकं खाली आणला. दोन्ही वाटा करून बघा. माझा ओढा पहिलीकडे आहे.

साधनांचं थोडक्यात सांगते. फोन स्वतःच आवाज कमी-जास्त करतो, त्यात पावशाची चढण सपाट होऊन जाते. साधा हातातला रेकॉर्डर घ्या. त्यात सेटिंग ठेवा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. माइकवर केसाळ कव्हर हवंच, बालाघाटाच्या माथ्यावरचा वारा बाकी काही ऐकू देत नाही. उजाडायच्या आत पोचा, नंतर ट्रॅक्टर आणि बोअरच्या मोटारी सुरू होतात. सॉनिक व्हिज्युअलायझर आणि म्यूजस्कोर फुकट मिळतात: पहिल्यात आवाजाचं चित्र दिसतं, दुसऱ्यात स्वरलेखन होतं. रेकॉर्डिंगचा वेग अर्धा केला की सूर बरोबर एक सप्तक खाली येतो आणि पक्ष्याच्या हरकती मोजता येतात. जायकवाडीला किंवा नायगावच्या मयूर अभयारण्यात जायचं असेल तर वनविभागाची परवानगी आधी काढा. विणीच्या दिवसांत रेकॉर्ड केलेली हाक वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नका. त्याला तो दुसरा नर वाटतो आणि बिचारा घरटं सोडून धावून येतो. वेरूळला गेलात तर दहाव्या लेण्यात नुसते उभे राहा, कमानीच्या छताखाली आवाज किती वेळ रेंगाळतो ते ऐका. पुढं स्टुडिओत कृत्रिम घुमारा लावताना तो कान उपयोगी पडतो.

सगळ्यात जास्त वेळ माणसांना द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा. तुळजापूरकडच्या गोंधळी कलाकारांसमोर मी कागद ठेवत नाही. चेलोची मींड गाऊन दाखवते, ते तोंडानं बोल म्हणतात, मग हातात काठ्या येतात. कुठं वाजवायचं हे मी ठरवते, काय वाजवायचं ते पुष्कळदा त्यांच्यावर सोडते, कारण पिढ्यांचा ठेका त्यांच्या अंगात आहे. दमट हवेत संबळाचं चामडं सैल पडून सूर उतरतो, म्हणून पावसाळ्यात रेकॉर्डिंग ठेवलंत तर शेकायला वेळ धरा. तालमीचेही पैसे द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे रचनाकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढं ६० वर्षं राहतो, वादकाचा त्याच्या वादनावरचा हक्क ५० वर्षं. म्हणून करार मराठीत लिहा, मोठ्यानं वाचून दाखवा आणि वादकाचं नाव तुमच्या नावाशेजारी छापा. स्वतःची रचना आयपीआरएसकडे (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंदवली की तिच्या सार्वजनिक वादनाची रॉयल्टी मिळू शकते.

बाहेर शिकायला जायचं असेल तर विशारदनं कान आणि ताल पक्का होतो, पण संगीतरचनेच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला बहुधा स्वरलेखनात लिहिलेल्या काही पूर्ण रचना लागतात. पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं स्वरलेखन, आजपासून शिका. संगणकाच्या वाद्यांवर भागवू नका. गावातल्या शाळेचं सभागृह मागून घ्या, मिळतील ती दोन-तीन माणसं बसवा, सलग वाजवून घ्या आणि तेच रेकॉर्डिंग अर्जाला जोडा. मुलाखतीत प्रत्येक विरामाबद्दल विचारतात, तेव्हा ती जुनी वही बरोबर ठेवा.