दगड हलका झाला तर पीठ भरड पडतं

माझी पहिली इंग्रजी कथा एका ऑनलाइन मासिकाने चौथ्या दिवशी परत पाठवली. नायक शनिवारवाड्यातून पेशवाईत पोचतो, बरंच रामायण घडतं आणि शेवटी त्याला जाग येते. नकार दोन ओळींचा, सगळ्यांना जातो तोच. मी आठवडाभर फुगून बसले. मग 'स्ट्रेंज होरायझन्स'च्या साइटवर एक यादी दिसली: 'या कथा आमच्याकडे फार वेळा येतात'. शेवटी सगळं स्वप्नच निघतं, शेवटी सगळं आभासी जगात घडलेलं असतं, कलावंताला काही सुचत नसतं... माझी कथा त्यात चपखल बसत होती. हे मासिक २००० सालापासून विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि त्याच जातीच्या कविता फुकट वाचायला देतंय. लिहायला बसण्याआधी ती यादी वाचाच.

कवितेचं मला जास्त अप्रूप. विज्ञानकल्पनेची कविता म्हटलं की आपल्याकडे लोक भुवया उंचावतात. तिकडे तिच्यासाठी १९७८पासून ऱ्हिसलिंग पुरस्कार दिला जातो. मी लिहिली ती चंद्रावरच्या वस्तीत जात्यावर दळणाऱ्या बाईची कविता. पहिल्या खर्ड्यात अथांग अंतराळ, चंदेरी धूळ, निळी पृथ्वी, सगळा मसाला होता. तीन ठिकाणांहून परत आली.

सुट्टीत मिरजेला गेले तेव्हा आजीला ती मराठीत सांगितली. चंद्रावर वजन सहावा हिस्सा होतं, हेही सांगितलं. तिने जन्मभर जातं ओढलेलं. म्हणाली, "अगं, मग वरची तळी हलकी झाली की! दाणा चिरडायचा कसा? भरडच पडणार. दोनदा दळायला लागंल."

मी गप्पच झाले. तिने माझी कविता दुरुस्त करून टाकली होती. दोनदा दळायचं म्हणजे ओव्याही दुप्पट. आणि जात्याच्या कडेवरून पीठ खाली पडायला इथल्यापेक्षा साधारण अडीचपट वेळ. अंतराळ, धूळ, पृथ्वी सगळं काढून टाकलं. उरली ती ओवी संपली तरी पीठ न संपणारी बाई. जगाचा एकच नियम बदलायचा आणि त्याचे परिणाम हाताला लागेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही, ही आमच्या लिखाणाची खरी मेहनत. यानं, ग्रह, यंत्रमानव काय, कोणीही आणतं.

एक गाढवपणाही सांगते. सुधारलेली कविता मी हौसेने फेसबुकवर टाकली. लाइक बरेच आले. पण बहुतेक मासिकं तेवढ्यालाही 'पूर्वप्रकाशित' धरतात. तो खर्डा माझ्या हातून गेला, पुन्हा वेगळी बांधणी करून लिहावी लागली.

बाकी कारकुनी फार नाही. शब्दमर्यादा पाळा. सोबतचं पत्र तीन ओळींचं ठेवा, त्यात कथेचा सारांश नको. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी चालते का ते नियमांत बघा. कुठे चालतं, कुठे नाही. कुठे काय कधी पाठवलं याची एक्सेलमध्ये नोंद ठेवा. लिहिताना यंत्राची, म्हणजे एआयची, मदत घेतली का, हे हल्ली बऱ्याच ठिकाणी विचारतात. २०२३च्या फेब्रुवारीत 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथांच्या मासिकावर यंत्राने लिहिलेल्या कथांचा इतका लोंढा आला, की त्यांना काही काळ कथा घेणंच थांबवावं लागलं.

'ओळख लागते हो' असं सांगणारे भेटतील. त्यांना खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकरांची गोष्ट सांगा. १९७४मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली, ती आपली आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

माझी जात्याची कविता अकराव्या ठिकाणी लागली. संपादकांनी एकच प्रश्न विचारला: 'जातं' हा शब्द तसाच ठेवायचा का? मी हो म्हटलं आणि खाली दिलेली तळटीपही काढून टाकली. मानधन डॉलरमध्ये आलं, बँकेने आपला वाटा कापला, उरलं त्यात मिरजेचं जाऊन-येऊन एसटीचं तिकीट निघालं. आजीला कविता पुन्हा सांगितली. तिने विचारलं, "दुसऱ्यांदा दळायच्या आधी चाळलं का तिनं?"

चाळलं नव्हतं.